चार पर्यायांत गणित मावतं का? ऑनलाइन परीक्षांनी वऱ्हाडाला काय शिकवलं

२०२१ चा उन्हाळा. माझं ऑफिस बंद, वर्क फ्रॉम होम सुरू, म्हणून मी पुण्याहून मूर्तिजापूरला घरी आलो होतो. धाकटी बहीण बीएस्सीला, गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. तिचा पेपर होता. पेपर म्हणजे काय, तर मोबाइल घेऊन ती स्लॅबवर जाऊन बसली, कारण घरात नेटवर्कची एकच दांडी येते. तासाभराचा पेपर, पण पोरगी वीस मिनिटांत खाली.

मी विचारलं, "काऊन गं, झाला पन?"

"झाला ना! दादा, इंटिग्रेशन करावंच नाई लागलं. पर्याय पाह्यले अन् उलटं तपासलं."

मार्क भरपूर आले. घरात पेढे वाटले. पुढच्या वर्षी परीक्षा परत वर्गात, कागद-पेनावर झाली. पेपर देऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. रात्री जेवताना म्हणाली, "दादा, मले उत्तर ओळखता येते, पन काढता येत नाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांना ॲप वापरून कामं सोपी करून देणं हाच माझा धंदा. पण इथे ॲपने काम सोपं करताना कामच काढून टाकलं होतं. त्या वेळी सगळे नेटवर्कला शिव्या देत होते. मला वाटतं, नेटवर्क हा छोटा प्रॉब्लेम होता. मोठा प्रॉब्लेम होता तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत, आणि तो अजून संपलेला नाही.

आधी थोडं रिवाइंड करू

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. यूजीसीने २९ एप्रिल २०२० ला पहिल्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जून महिन्यात महाराष्ट्र सरकारने ठरवलं की शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची नाही. ६ जुलैला यूजीसीने सुधारित सूचना काढून सांगितलं की शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. ऑनलाइन घ्या, ऑफलाइन घ्या किंवा दोन्ही मिळून घ्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला: राज्यं परीक्षा पुढे ढकलायला मुदत मागू शकतात, पण परीक्षेशिवाय शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पास करू शकत नाहीत.

म्हणजे विद्यापीठांच्या हातात जेमतेम काही आठवडे उरले. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे येतात. एकीकडे अमरावती शहरातलं फायबर कनेक्शन, दुसरीकडे मेळघाटातली धारणी-चिखलदऱ्याची गावं, जिथे कॉल लावायलाही टेकडी शोधावी लागते. या सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची होती.

त्यात आपल्याकडे दुसरी लाट राज्याच्या बऱ्याच भागांआधी आली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून राज्यातली कॉलेजं निम्म्या क्षमतेने उघडायचं ठरलं होतं. आठवडाभरातच, २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून, अमरावती आणि अचलपूर शहरांत लॉकडाऊन लागला. अकोल्यातही कडक निर्बंध आले. पोरं बॅग भरून निघाली, तशीच परत घरी बसली.

एमसीक्यूच का? सर्व्हरचं गणित करून पाहू

"गणिताच्या पेपरात चार पर्याय कशाला? वहीवर सोडवून फोटो पाठवायला सांगायचं ना!" असं मीही तेव्हा म्हणत होतो. मग एक दिवस आकडेमोड केली.

समजा १,००० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाची १० पानं, एका पानाचा फोटो ३ एमबी. एकूण झाले ३०,००० एमबी, म्हणजे ३० जीबी. आता सगळे शेवटच्या १५ मिनिटांत अपलोड करणार, कारण आपण सगळे तसेच आहोत. १५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ३३ एमबी, इंटरनेटच्या भाषेत साधारण २६७ एमबीपीएस, सलग, एकही फाइल न अडकता. आणि हे फक्त हजार जणांचं. पाच जिल्ह्यांचं गणित तुम्हीच करा.

याउलट पर्याय 'बी' निवडला, तर सर्व्हरला जाणारी माहिती काही बाइट्सची. शिवाय तपासायला माणूस नको. निकाल बटण दाबलं की तयार. म्हणून एमसीक्यू आले. गणितासाठी ते योग्य म्हणून नव्हे, तर घाईत, स्वस्तात आणि कमी डेटात बसतात म्हणून. हे समजून घेतलं की कोणावर राग काढायची गरज उरत नाही. पण अडचणीच्या काळातली सोय पुढे सवय होऊ नये, एवढं तरी बघायला हवं.

तसं त्या काळातही तांत्रिक मार्ग होता. स्कॅनिंग ॲपने पान ब्लॅक-अँड-व्हाइट केलं की ३ एमबीचा फोटो साधारण ३०० केबीवर येतो, म्हणजे लोड एकदम दहावा हिस्सा. अपलोडची वेळ गटागटाने दिली तर आणखी कमी. प्रश्नपत्रिका आदल्या रात्री लॉक करून फोनमध्ये उतरवायची आणि सकाळी फक्त पासवर्ड द्यायचा, म्हणजे दहाच्या ठोक्याला सर्व्हरवर झुंबड उडत नाही. उत्तरं फोनमध्येच सेव्ह करायची आणि रेंज आली की पाठवायची. आम्ही याला 'ऑफलाइन-फर्स्ट' म्हणतो. यात रॉकेट सायन्स काहीच नाही, पण असं ॲप बनवून, तपासून बघायला महिने लागतात. हातात होते आठवडे.

अंदाजपंचे किती मार्क पडतात?

आता संख्याशास्त्रवाल्यांच्या आवडीचा भाग. समजा पेपरात ४० प्रश्न, प्रत्येकाला ४ पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला ४० टक्के म्हणजे १६ बरोबर.

काहीच न वाचता डोळे झाकून टिक करणाऱ्याला सरासरी १० मार्क पडतील. त्याचे १६ किंवा जास्त येण्याची शक्यता बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनने काढली तर सुमारे २.६ टक्के. म्हणजे नुसत्या नशिबावर पास होणं अवघडच. मग काळजी कसली?

काळजी पुढे आहे. समजा एका विद्यार्थ्याला ४० पैकी फक्त ८ प्रश्न खरोखर येतात, म्हणजे २० टक्के अभ्यास. उरलेल्या ३२ वर तो अंदाज लावतो. त्यातले सरासरी ८ बरोबर येतात. ८ आणि ८ सोळा. झाला पास! अगदी नेमकं बोलायचं तर असा विद्यार्थी पास होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे कागदावर ४० टक्क्यांची अट, प्रत्यक्षात २० टक्के येणाराही पार.

आणि हे प्रामाणिकपणे अंदाज लावणाऱ्याचं झालं. घरी बसून पेपर देताना व्हॉट्सॲप ग्रुपवर "१७ चं सी आहे" असा मेसेज यायला किती सेकंद लागतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापला तर? त्याच ३२ प्रश्नांत ८ बरोबर, २४ चूक. ८ वजा ८, शून्य. अंदाजाचा फायदा सरासरीने संपतो. आयआयटी जॅमच्या एमसीक्यूंना हाच नियम आहे. शिवाय जॅमच्या ६० पैकी २० प्रश्नांना पर्यायच नसतात. उत्तराची संख्या स्वतः टाइप करायची. सीएसआयआर नेटच्या गणिताच्या पार्ट सी मध्ये एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर ओळखले तरच मार्क. म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा वाईटच असते असं नाही. प्रश्न कसे तयार केलेत यावर सगळं आहे.

पायऱ्या गेल्या म्हणजे काय गेलं?

बहीण म्हणाली ना, "उलटं तपासलं"? त्याचा अर्थ बघा. प्रश्न होता इंटिग्रेशनचा. पद्धत यायला हवी 'इंटिग्रेशन बाय पार्ट्स'. पण चार उत्तरं समोर आहेत. प्रत्येकाचं डिफरन्शिएशन करायचं. ज्याचं मूळ फंक्शन परत मिळालं, ते उत्तर. डिफरन्शिएशन बारावीत झालंय. म्हणजे पेपर बीएस्सीचा, तपासलं गेलं बारावीचं गणित. तिने लबाडी केली नाही. प्रश्नानेच तिला तो रस्ता दिला.

संख्याशास्त्राचं उदाहरण तर आपल्या शेतातलंच आहे. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. कपाशीच्या चार वाणांची तुलना करायची असेल तर शेताचे समजा पाच ब्लॉक पाडतात आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही वाण चिठ्ठ्या टाकून लावतात. एकूण २० प्लॉट. याला रँडमाइझ्ड ब्लॉक डिझाइन म्हणतात.

एमसीक्यूत काय विचारणार? "एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम किती?" वाणांचे चार वजा एक, ब्लॉकचे पाच वजा एक, तीन गुणिले चार, बारा. फॉर्म्युला पाठ असला की झालं. पण खरा प्रश्न वेगळा आहे: ब्लॉक पाडायचेच कशाला? शेताच्या एका टोकाला काळी खोल जमीन आणि दुसऱ्या टोकाला मुरमाड असेल, आणि तुम्ही एकच वाण काळ्या जमिनीत लावलं, तर जास्त कापूस वाणामुळे आला की जमिनीमुळे, हे कधीच कळणार नाही. हे ज्याला दोन ओळींत लिहिता येतं, त्याला संख्याशास्त्र कळलं. ज्याला फक्त बारा आठवतं, त्याने उद्या चुकीच्या वाणाची शिफारस केली तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसेल.

प्रूफचं तर विचारूच नका. एखादा ग्रुप अबेलियन आहे हे सिद्ध करणं म्हणजे एकामागून एक कारणं मांडणं. चार पर्यायांत 'कारणं मांडणं' हा पर्याय नसतो.

शिकवण्याचं काय? तिथे फायदाही झाला

एकच बाजू सांगितली तर अन्याय होईल. ऑनलाइन शिकवण्यातून काही गोष्टी खरंच चांगल्या मिळाल्या. फळ्यावरचं प्रूफ एकदा पुसलं की गेलं. व्हिडिओ मात्र मागे घेऊन पाच वेळा पाहता येतो. वऱ्हाडातल्या छोट्या कॉलेजातल्या पोराला आयआयटीच्या प्राध्यापकाचं लिनिअर अल्जिब्रा एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीतही आहेत. जिओजिब्रात स्लायडर सरकवून आलेख कसा बदलतो हे फोनवर दिसतं, ते खडूने दाखवणं कठीण.

गडबड होती ती दुसऱ्या बाजूने. गणिताचा शिक्षक वर्गात चेहरे वाचतो. तिसऱ्या बाकावरच्या पोराच्या कपाळावर आठी दिसली की थांबतो. गूगल मीटवर ६० काळे चौकोन. "समजलं का?" याला उत्तर "येस सर", तेही चॅटमध्ये. आणि विद्यार्थ्याला शंका टाइप करायची तर इंटिग्रलचं चिन्ह फोनच्या कीबोर्डवर आणायचं कुठून? शंका मनातच राहायची.

जगात हे कसं करतात?

मजेची गोष्ट म्हणजे कोविडच्या खूप आधीपासून यावर उत्तरं आहेत, तीही मोफत. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात 'वेबवर्क' तयार झालं. ब्रिटनमध्ये ख्रिस सँगविन यांनी 'स्टॅक' बनवलं, ते मूडलमध्ये बसतं.

स्टॅकची आयडिया साधी आहे. पर्याय द्यायचेच नाहीत. विद्यार्थी उत्तर म्हणून अख्खी गणिती राशी टाइप करतो. मागे 'मॅक्सिमा' नावाचं बीजगणित करणारं सॉफ्टवेअर असतं. ते विद्यार्थ्याच्या उत्तरातून बरोबर उत्तर वजा करतं. बाकी शून्य आली की उत्तर बरोबर, मग ते कोणत्याही रूपात लिहिलेलं असो. चूक ठरलेल्या नेहमीच्या प्रकारची असेल, उदाहरणार्थ इंटिग्रेशनचा कॉन्स्टंट राहिला, तर तसं सांगून थोडे मार्कही देतं. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आकडे वेगळे. मग ग्रुपवर "१७ चं सी" टाकून उपयोग काय?

हे सगळं आत्ता का सांगतोय?

कारण दोन गोष्टी. एक, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्'वरून करता येतात, आणि २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही नवीन शैक्षणिक धोरण आलं. ऑनलाइन शिक्षण आता आपत्कालीन राहिलेलं नाही, ते डिग्रीचा भाग झालंय.

दोन, ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्याआधी फोटोमॅथ होतंच. आता प्रश्नाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर मिळतं. म्हणजे "वहीवर सोडवून फोटो पाठवा" हा माझा जुना आवडता उपायही घरच्या परीक्षेत एकट्याने टिकत नाही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एनपीटीईएलचा कोर्स पूर्ण ऑनलाइन असतो, पण प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायला केंद्रावर जावं लागतं. मार्कांत आठवड्यांच्या असाइनमेंटना २५ टक्के, केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के. ज्यांनी देशाला ऑनलाइन शिकवलं, त्यांनीही परीक्षा घरी सोडलेली नाही.

माझं मत सरळ आहे: फोन सरावाला, कागद परीक्षेला.

कॉलेजांना काय करता येईल? पैसे न घालवता

सर्व्हर, कॅमेरा-पहारा वगैरे सोडून द्या. एका फोनवर पेपर, कॅमेरा आणि हॉटस्पॉट चालवणाऱ्या दोन खोल्यांच्या घरात तो पहारा कोणावर ठेवणार?

- रोल नंबरचा डेटा: संख्याशास्त्राच्या गृहपाठात "रोल नंबरचे शेवटचे दोन अंक पाचव्या निरीक्षणात मिळवा" एवढं एक वाक्य घाला. साठ विद्यार्थी, बहुतेक साठ वेगळी उत्तरं. तपासायला एक्सेलची एक शीट पुरते.
- पाच मिनिटांची तोंडी परीक्षा: "ही तिसरी ओळ कशी आली?" एवढं विचारलं तरी कोणी लिहिलंय ते कळतं. मेळघाटातल्या पोराला हे साध्या कॉलवरही जमतं, इंटरनेटही लागत नाही.
- सरावाच्या चाचण्या ऑनलाइन, दर आठवड्याला, कमी मार्कांच्या: चुकलं की पुन्हा, नवीन आकड्यांसह. इथे मशीन माणसापेक्षा चांगलं काम करतं.
- चुकीची प्रूफं द्या: "यात चूक कुठे आहे ते लिहा." उत्तर ओळखणं आणि चूक पकडणं यात फार फरक आहे.

आणि तुम्ही?

तुम्ही आत्ता बीएस्सीला असाल, तर माझ्या बहिणीची युक्ती घ्या. तिने नंतर एक नियम केला: एमसीक्यूचं पुस्तक उघडलं की पर्यायांवर पट्टी ठेवायची. आधी वहीवर उत्तर काढायचं, मग पट्टी उचलायची. एआयला विचारायचं असेल तर उत्तर विचारायचं नाही; आपण सोडवलेलं दाखवून "माझी चूक कोणत्या ओळीत आहे?" असं विचारायचं, आणि त्याने सांगितलेलंही तपासायचं, कारण तेही आत्मविश्वासाने चुकतं.

२०२० ते २०२२ च्या पोरांना 'कोविड बॅच' म्हणून हसणारे मी मुलाखतीच्या पॅनेलवर पाहिलेत. मला ते पटत नाही. त्या पोरांनी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. आपणच त्यांना अर्धवट प्रश्न विचारले.

बहीण आता अकोल्यात शिकवणी घेते, अकरावी-बारावीचं गणित. मागच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा एक पोरगा वही घेऊन आला. उत्तर बरोबर होतं. तिने वही परत दिली अन् म्हणाली, "उत्तर पाह्यलं रे बाबू. आता कसं काढलं, ते सांग."